आमच्या शहरात ‘घुसाल तर दंड’ असा कायदा येतोय म्हणे!

या महिन्याचं सदर एकाच विषयावर आहे: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं, म्हणजे ट्रेसपास. एक लांबलचक पत्र आलं आणि ते वाचल्यावर लक्षात आलं की बाजूला ठेवलेली अजून सहा पत्रं पण फिरून फिरून तिथेच येतायत, म्हणून म्हटलं एकदमच घेऊ. ते लांबलचक पत्र लिहिणाऱ्या काकांनी शहराचं नाव छापू नका सांगितलंय म्हणून नाही छापलं, उगाच अंदाज लावत बसू नका.

प्रश्न : ताई, आमच्या महापालिकेत सध्या एका प्रस्तावाची चर्चा चालू आहे. बंद पडलेली कारखान्याची जागा, मोकळे प्लॉट, रात्री बंद झालेल्या बागा, सोसायट्यांची कंपाउंडं, यात कुणी परवानगीशिवाय सापडलं की जागेवर दंड आणि दुसऱ्यांदा सापडलं तर पोलीस केस, असा काहीतरी शहराचा स्वतःचा नियम करायचा म्हणतायत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळे खूश आहेत कारण मागच्या प्लॉटमध्ये रात्री दारूच्या पार्ट्या चालतात, भंगारवाले आत शिरतात, दोन सायकली पण गेल्या. मी सेक्रेटरी आहे, पाठिंब्याच्या पत्रावर पहिली सही माझी असणार. पण मुलगी लॉ करते ती म्हणते बाबा सही करू नका. महापालिकेला असा कायदा करता येतो का, आणि सही करू की नको?
— एक सेक्रेटरी

उत्तर : काका, मुलीला आधी शाबासकी द्या, मग पुढचं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे महापालिका ‘कायदा’ करत नाही, ती करते उपविधी, म्हणजे बायलॉज. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम ४५८ आहे, त्यात कोणकोणत्या विषयांवर उपविधी करता येतात ते दिलंय, मुंबईसाठी १८८८च्या कायद्यात कलम ४६१ आहे. रस्ते, गटारं, बाजार, बांधकामं, स्वच्छता अशा पठडीतले विषय आहेत ते. महापालिकेने स्वतःच्या बागेची वेळ ठरवणं, रात्री १० नंतर गेट बंद, आत सापडलात तर दंड, हे समजू शकतं. पण खासगी मालकाच्या बंद कारखान्यात कोण शिरलं यावर महापालिकेने गुन्हा ठरवायचा हे जरा जास्तच होतंय, कारण पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेप्रमाणे राज्याचे विषय. शिवाय उपविधी झाला तरी त्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या हरकती-सूचना ऐकायच्या, राज्य सरकारची मंजुरी घ्यायची, एवढं सगळं झाल्याशिवाय तो लागू होत नाही, सभागृहात हात वर केले आणि झालं असं नसतं ते.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. कायदा नाहीये म्हणून तुमच्या मागच्या प्लॉटमध्ये पार्ट्या चालतात असं तुम्हाला वाटतंय का? कायदा भरपूर आहे हो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ (जुन्या आयपीसीतलं ४४१, ४४७, ४४८ सगळं आता तिथे आलंय, १ जुलै २०२४ पासून). दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या किंवा धमकावायच्या, अपमान करायच्या, त्रास द्यायच्या इराद्याने शिरलं, किंवा रीतसर शिरलं पण मग त्या इराद्याने तिथेच थांबून राहिलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि राहत्या घरात शिरलं तर एक वर्षापर्यंत कैद. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट बघायची गरज नाही. जुन्या कायद्यात दंड ५०० रुपये होता, तो दहापट झाला. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये कलम १२० आहे, समाधानकारक कारण नसताना मुद्दाम कुणाच्या घरात, आवारात, जमिनीवर किंवा सरकारी जागेत शिरणं किंवा रेंगाळणं यासाठी. सायकली गेल्या तर ती चोरी, त्याला वेगळं कलम. प्लॉटच्या मालकाने एकदा तरी पोलिसात तक्रार दिलीय का, गेटला कुलूप घातलंय का, दिवा लावलाय का, हे त्या ग्रुपवर विचारून बघा, बहुतेक शांतता पसरेल.

आता मुलगी सही करू नका का म्हणते. या दोन्ही कायद्यांत एकेक अडसर ठेवलाय आणि तो चुकून राहिलेला नाही. न्याय संहितेत ‘इरादा’ सिद्ध करावा लागतो, नुसतं आत सापडणं पुरत नाही. सुप्रीम कोर्टाने माथरी विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये सांगितलंय की आपल्या जाण्याने समोरच्याला त्रास होणार हे माहीत असणं वेगळं आणि त्रास देण्यासाठीच जाणं वेगळं, गुन्हा दुसऱ्यात आहे. आणि पोलीस अधिनियमात ‘समाधानकारक कारण’ हे शब्द आहेत, म्हणजे माणसाला कारण सांगायची सोय आहे. बॉल आणायला भिंतीवरून उडी मारलेला पोरगा, चुकीच्या विंगमध्ये शिरलेला डिलिव्हरीवाला, पाऊस आला म्हणून शेडखाली थांबलेली बाई, हे सगळे त्या फटीतून सुखरूप बाहेर पडतात. तुमच्या शहराचा मसुदा जर ‘परवानगीशिवाय सापडला की जागेवर दंड’ एवढाच असेल तर ती फट बुजली, आणि मग कुणाला पकडायचं हे ठरवणार कोण, तर दंडाचं पावती पुस्तक ज्याच्या हातात आहे तो. मुंबईत क्लीन-अप मार्शलवरून, म्हणजे रस्त्यावर घाण करणाऱ्यांकडून दंड घेणाऱ्या माणसांवरून, लोकांची किती भांडणं झाली ते पेपरात वाचलंच असेल. तो मार्शल तुम्हाला अडवेल असं वाटत नाही मला, काका. कचरा वेचणारी बाई, पारध्याचा मुलगा, बाहेरगावचा मजूर यांना अडवेल. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातींना जन्मतःच संशयित ठरवलं होतं, तो कायदा १९५२ मध्ये गेला पण नजर गेली नाही, हे आपल्यापैकी कुणालाही वेगळं सांगायला नको.

हे अगदीच एकतर्फी वाटू नये म्हणून सांगते, इराद्याची अट सैल करता येते, पण ती रीतसर. उत्तर प्रदेशाने १९६१ मध्ये आयपीसीच्या कलमातच दुरुस्ती केली होती की विनापरवाना ताबा घेतलेल्या माणसाला लेखी नोटीस द्या, ठरलेल्या तारखेपर्यंत निघाला नाही तर गुन्हा. ते विधिमंडळाने केलं, आणि नोटीस ठेवली. दोन्हीत फरक आहे.

तर सही करू की नको? मसुदा हातात न घेता पाठिंब्याचं पत्र द्यायचं नाही, एवढं तरी नक्की करा. प्लॉटचा त्रास खरा आहे, त्यासाठी मालकाला पत्र, पोलीस चौकीला अर्ज आणि महापालिकेला दिव्याची मागणी ही तीन कामं या आठवड्यात होण्यासारखी आहेत.

प्रश्न : मॅडम असा कायदा आला तर फुटपाथवर आणि पुलाखाली राहणारे पण हटतील ना? ते तर सरळ सरळ दुसऱ्याच्या जागेत घुसलेले आहेत, टॅक्स आम्ही भरायचा आणि चालायचं रस्त्यावरून. स्पष्ट उत्तर द्या, गोलगोल नको.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्पष्ट देते. हटवता येतं, पण त्यासाठी या नवीन कायद्याची गरज नाही, आणि त्यांना गुन्हेगार म्हणता येत नाही.

हा प्रश्न ४० वर्षांपूर्वी मुंबईच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टापुढे गेला होता. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना उठवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवायचं. भर पावसात झोपड्या पाडायला सुरुवात झाली, काहींना बसमध्ये घालून शहराबाहेर नेलं. त्याविरुद्ध फुटपाथवर राहणारे काही जण आणि पत्रकार ओल्गा टेलिस कोर्टात गेले. निकाल आला १० जुलै १९८५ ला, सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड.

त्या निकालातलं ‘उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग’ हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं, पाठ्यपुस्तकात असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्याच निकालात थोडं पुढे आहे, जे फारसं कुणी वाचत नाही. महापालिकेच्या बाजूने म्हटलं गेलं की हे लोक घुसखोर आहेत, फौजदारी गुन्हा करतायत. कोर्टाने ते मान्य केलं नाही. हे लोक कुणाचा अपमान करायला किंवा कुणाला त्रास द्यायला तिथे राहत नाहीत, नाइलाज म्हणून राहतात, तेव्हा तो इरादाच नाही आणि म्हणून तो गुन्हाही नाही. दिवाणी स्वरूपाची आगळीक म्हणा. पण तिथेही कोर्ट म्हणतं की आधी निघायला सांगा, निघायला वाजवी वेळ द्या, आणि बळ वापरावंच लागलं तर गरजेपेक्षा जास्त नाही.

आणि फुटपाथ चालणाऱ्यांसाठीच आहे, त्यावर घर करायचा हक्क कुणालाच नाही, हे पण त्याच कोर्टाने त्याच निकालात म्हटलंय, म्हणजे तुमची तक्रार काही हवेतली नाही. मुंबईच्या १८८८च्या कायद्यात कलम ३१४ होतंच, बाकी शहरांसाठी १९४९च्या कायद्यात २३१ आहे, आयुक्ताला रस्त्यावरचं अतिक्रमण नोटिशीशिवाय काढायचा अधिकार. कोर्टाने कलम रद्द केलं नाही, फक्त म्हटलं की नोटीस न देणं हा अपवाद असायला हवा, नेहमीची पद्धत नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कुणाला हटवू नका म्हणून सांगितलं, १९७६च्या गणनेत ज्यांना ओळखपत्र मिळालं होतं त्यांना पर्यायी जागा द्या म्हणून सांगितलं. शेवटी लोक हटलेच की, हा टोमणा त्या निकालाला आजही मारला जातो आणि मला तो चुकीचा वाटत नाही. पण ‘गुन्हेगार’ हा शिक्का तेव्हा बसला नाही. तो शहराच्या उपविधीने मागच्या दाराने बसवायचा म्हटलं तर कोर्टात टिकणं कठीण आहे.

प्रश्न : माझी संत्र्याची बाग आहे. रानडुकरं येतात आणि रात्री माणसं पण येतात तोडायला. शेजारच्याने तारेत करंट सोडलाय आणि ‘सावधान’ची पाटी लावली आहे, म्हणतो पाटी आहे मग आपली जबाबदारी नाही, आत आला तो मेला. मी पण लावू का?
— एक शेतकरी, वरुड

उत्तर : दादा, नाही. लाईनवरून थेट करंट तर अजिबात नाही, आणि शेजाऱ्याला पण आज संध्याकाळीच जाऊन सांगा.

हुबेहूब अशी केस सुप्रीम कोर्टात १९६३ मध्ये झालीय, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, चंपारणची. शेजारच्या बाईच्या संडासाची भिंत पडली म्हणून ती आणि आसपासची माणसं या गृहस्थाच्या संडासात जायला लागली. याने आधी तोंडी सांगून बघितलं, ऐकत नाहीत म्हटल्यावर वाटेवर उघडी तांब्याची तार लावून त्यात वीज सोडली. ती बाई गेली, हात लागला, मेली. कोर्टात याचं म्हणणं काय तर माझी जागा, ती घुसली, मला माझ्या मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क आहे. कोर्टाने नाही म्हटलं. परवानगीशिवाय आलेला माणूस आला म्हणून कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, त्याला इजा व्हावी म्हणून मुद्दाम सापळा लावता येत नाही, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम झाली. आता तर अशा प्रकरणात सदोष मनुष्यवधाचाही गुन्हा लागतो. रात्री पाणी द्यायला निघालेला तुमचाच गडी किंवा घरचं पोरगं त्या तारेला लागल्याच्या बातम्या विदर्भात दरवर्षी येतात, हे काय मी तुम्हाला सांगायचं.

बाजारात सोलरचं झटका मशीन मिळतं, ते क्षणभर झटका देतं, जीव जाईल असा करंट सलग सोडत नाही. तेच लावा, चांगल्या कंपनीचं लावा आणि त्याला मेन लाईनची वायर जोडू नका. संत्री चोरली तर ती चोरी, तक्रार द्या.

प्रश्न : रेल्वे रुळ ओलांडला म्हणून माझ्या भावाला दंड झाला. स्टेशनच्या त्या टोकाला पूल नाही तर माणसाने करायचं काय? इथे पण तुमचा तो ‘इरादा’वाला नियम लागू होत नाही का?
— एक वाचक, दिवा

उत्तर : नाही होत. रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १४७ वेगळं आहे, तिथे इरादा बघत नाहीत, रेल्वेच्या हद्दीत हक्क नसताना शिरलं की झालं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड असं त्यात लिहिलंय. तिथे मला ते पटतं पण, कारण समोरून गाडी येत असते. पुलाची मागणी वेगळी, ती जोरात करा, सह्या गोळा करा, खासदाराच्या मागे लागा. भावाला मात्र म्हणावं पूल होईपर्यंत वळसा घालून जा.

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ एका छोट्या शहरात राहतो. इथल्या सिटी कौन्सिलपुढे ट्रेसपासचा ऑर्डिनन्स (शहराचा स्वतःचा नियम) आलाय, पुढच्या मीटिंगला मत मागवलंय. सासू-सासरे भारतातून आलेत, ते रोज सकाळी फिरायला जातात आणि कुणाच्याही अंगणातल्या फुलांकडे बघत उभे राहतात, सासूबाई तर पूजेला दोन फुलं घेतात पण!! मला टेन्शन आलंय. झाडांवर जांभळे पट्टे दिसतात ते काय असतं?
— एक वाचक, टेक्सस

उत्तर : सासूबाईंना आधी ते पट्टे दाखवून आणा. टेक्ससमध्ये १९९७ पासून झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा म्हणजे ‘आत येऊ नका’ची कायदेशीर नोटीस. किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांच्या मध्ये, एवढं मोजमाप कायद्यात दिलंय. पाट्या चोरीला जातात, गोळ्या घालून लोक चाळण करतात, रंग कोण चोरणार, म्हणून ही आयडिया. कुंपण, पाटी, तोंडी सांगणं, अगदी उभं पीक दिसणं, ही सगळी तिथे नोटीसच धरली जाते, आणि नोटीस मिळूनही आत गेलं किंवा निघा म्हटल्यावर निघालं नाही तर गुन्हा. म्हणजे आपल्याकडे भर इराद्यावर, तुमच्याकडे भर आधी सांगितलं होतं का यावर. फूटपाथवर उभं राहून फुलं बघणं यात काहीच नाही. तोडणं मात्र बंद करा, शेजारणीला विचारून रोज दोन घ्या, ती हसून देईल.

ऑर्डिनन्सचं म्हणाल तर मीटिंगला जाऊन बोला, तिथे सामान्य माणसाला माइक मिळतो ही चांगली सोय आहे. बोलताना शिकागोचं उदाहरण द्या. त्या शहराने १९९२ मध्ये नियम केला की टोळीतला वाटणारा माणूस आणि त्याच्यासोबत कुणीही, उघड कारणाशिवाय एका जागी उभे दिसले तर पोलिसांनी हटा म्हणायचं, न हटल्यास अटक. तीन वर्षांत ८९,००० पेक्षा जास्त वेळा लोकांना हटवलं आणि ४२,००० पेक्षा जास्त अटका झाल्या, मग १९९९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला, कारण काय केलं की गुन्हा हे सामान्य माणसाला कळतच नव्हतं आणि सगळं पोलिसाच्या मर्जीवर होतं. तुमच्या शहराच्या मसुद्यात नोटिशीची अट आहे का तेवढं विचारा. आणि पाहुणे व्हिजिटर व्हिसावर असतील तर छोट्या तिकिटाचा (दंडाच्या पावतीचा) पण उगाच ताप नको, असं काही झालंच तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय गुन्हा कबूल करून मोकळं होऊ नका.

प्रश्न : बांधावरून आमची जुनी वाट आहे, आजोबांपासूनची. शेजाऱ्याने काटे टाकलेत आणि म्हणतो पाय ठेवलास तर ट्रेसपासची केस टाकीन.
— एक वाचक, फलटण

उत्तर : टाकू दे. प्रामाणिकपणे माझा हक्क आहे म्हणून जाणारा माणूस त्रास द्यायच्या इराद्याने गेला असं सिद्ध करणं अवघड असतं. पण तुम्ही काटे उपसून भांडण वाढवू नका. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करा, अडवणूक काढून द्यायचे आदेश ते देऊ शकतात. यात सहा महिन्यांची मुदत आहे हो, काटे टाकल्यापासून मोजायची, ती गेली की हा रस्ता बंद. वाटच नसेल आणि नव्याने हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. फोटो काढून ठेवा, गावातल्या दोन जुन्या माणसांचे जबाब घ्या, जुना नकाशा काढा.

प्रश्न : मी त्या सेक्रेटरी काकांच्याच शहरातला आहे (ओळखलं मी!). मला हरकत नोंदवायची आहे. काय लिहू? वकील परवडत नाही.
— एक विद्यार्थी

उत्तर : वकील लागत नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. मसुदा प्रसिद्ध झाला की त्यात मुदत दिलेली असते, त्याच्या आत द्यायचा. भाषण लिहू नकोस, प्रश्न लिही. १९४९च्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली हा उपविधी करताय. खासगी जागेला लागू आहे का, असेल तर अधिकार कुठून आला. न्याय संहितेचं ३२९ आणि पोलीस अधिनियमाचं १२० असताना हा कशाला. इरादा किंवा समाधानकारक कारण हे शब्द मसुद्यात का नाहीत. पाटी किंवा तोंडी सूचना दिल्याशिवाय दंड होणार का. दंड कोण घेणार, पोलीस, महापालिकेचा कर्मचारी की ठेकेदाराचा माणूस, आणि अपील कुणाकडे. लहान मुलं सापडली तर काय. कचरावेचक आणि फेरीवाल्यांना वगळलंय का, फेरीवाल्यांसाठी २०१४चा वेगळा केंद्रीय कायदा आहे त्याचा उल्लेख कर. शेवटी ‘मला सुनावणीला बोलवावे’ हे वाक्य टाकायला विसरू नकोस. दोन प्रती काढ, एक आवक-जावक विभागात दे आणि दुसरीवर तारखेसकट शिक्का घे, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव.